बिनपैशाच्या लढती

(दृश्य : लास वेगासबाहेरचा मोठा बंगला. दारात बॅगा, पोरं आत शिरताहेत.)

17 जानेवारी 2005, सोमवार. अमेरिकेतल्या स्पाइक टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती नुकतीच संपलीय. तिथले निकाल आधीच ठरलेले असतात, हे बघणाऱ्यांनाही ठाऊक असतं. रिमोटला हात जायच्या आत पडद्यावर एक बंगला येतो आणि त्यात राहायला आलेले सोळा तरुण. हे सगळे खरोखर मारामारी करणारे. कार्यक्रमाचं नाव ‘द अल्टिमेट फायटर’.

वाहिनीने हा कार्यक्रम विकत घेतलेला नाही. निर्मितीचा सगळा खर्च, सुमारे एक कोटी डॉलर, पिंजऱ्यातल्या लढती भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीच्या मालकांनी स्वतःच्या खिशातून केलाय. थोडक्यात, लोकांनी आपल्याला बघावं म्हणून कंपनीच पदरचे पैसे मोजतेय.

ही वेळ का आली, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

(दृश्य : 1993 सालच्या जुन्या लढतींचं चित्रण.)

नोव्हेंबर 1993 मध्ये डेन्व्हर शहरात यूएफसीची पहिली स्पर्धा झाली. चावायचं नाही आणि डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, बाकी जवळपास सगळं चालेल, अशी तिची जाहिरातच होती. सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला ‘माणसांची कोंबडझुंज’ म्हटलं आणि राज्याराज्यांतून बंदीसाठी जोर लावला. मॅकेन स्वतः मुष्टियुद्धाचे शौकीन, तेव्हा ठोसे त्यांना वर्ज्य नव्हते. पण त्यांची मोहीम लागू पडली. केबलवाल्यांनी यूएफसी दाखवणं बंद केलं आणि धंदा मरणपंथाला लागला.

जानेवारी 2001 मध्ये वेगासमधल्या कॅसिनोंचे मालक फ्रँक आणि लोरेंझो फर्टिटा या भावांनी अवघ्या वीस लाख डॉलरना अख्खी कंपनी विकत घेतली आणि कारभार मित्राच्या, डेना व्हाइटच्या हाती दिला. वजनगट, हातमोजे, ठरावीक वेळेच्या फेऱ्या, पंच, डॉक्टर ही सगळी चौकट तोवर आली होती. नेवाडा राज्याची मान्यताही मिळाली. पैसा तेवढा येईना. 2004 पर्यंत तोटा तीन कोटी डॉलरच्या वर गेला. व्हाइट सांगतो की लोरेंझोने त्याला एका रात्री फोन करून गिऱ्हाईक शोधायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन केला, ‘अजून थोडं ओढून बघू.’

त्या ‘थोडं ओढून बघू’तून हा बंगला उभा राहिला.

(दृश्य : बंगल्याचा दिवाणखाना, स्वयंपाकघर, अंगण. कोपऱ्यात कॅमेरे.)

आठ जण मिडलवेट, म्हणजे 84 किलोपर्यंतचे. आठ जण लाइट हेवीवेट, 93 किलोपर्यंतचे. प्रशिक्षक दोन, रँडी कुट्यूर आणि चक लिडेल. हे दोघे एप्रिलमध्ये एकमेकांशीच किताबासाठी लढणार होते, त्यामुळे कार्यक्रम त्यांचीही जाहिरात करत होता. घरात टीव्ही नाही, फोन नाही, बाहेरची माणसं नाहीत. दारू मात्र हवी तेवढी. हे मिश्रण कुणी विचार करून केलं असेल तर त्याला माणसं चांगली कळत होती. बेफिकिरीतून झालं असेल तरी परिणाम तोच.

ओरेगॉनचा क्रिस लेबन या घरात सगळ्यांत जास्त पितो आणि सगळ्यांत जास्त बोलतो. दुसऱ्याच्या अंथरुणावर लघवी करण्यापर्यंत त्याची मजल जाते. एका रात्री वाद पेटतो आणि बॉबी साउथवर्थ त्याला बापावरून शिवी देतो. लेबनचा बाप त्याला लहानपणीच सोडून गेलेला. मघापर्यंत सगळ्यांना डिवचणारा हा गडी एकदम गप्प होतो, रडतो आणि घरात झोपायला नको म्हणून अंगणात जाऊन आडवा होतो. तिथे जॉश कॉशेक आणि साउथवर्थ झोपलेल्या लेबनवर बागेच्या पाइपाने पाणी मारतात. लेबन उठतो तो दार-खिडक्यांच्या काचा फोडतच.

दुसरा कुठलाही निर्माता अशा वेळी कुणाला तरी घरी पाठवतो. व्हाइटने लेबन आणि कॉशेकला पिंजऱ्यात उतरवलं.

बघणाऱ्यांना वाटलं, आता रक्त सांडणार. झालं भलतंच. कॉशेक अमेरिकन विद्यापीठांचा राष्ट्रीय कुस्ती विजेता. त्याने दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरून ओढले, लेबनला खाली घातलं आणि वर दाबून बसला. लेबन उठला की पुन्हा पट, पुन्हा खाली. दोन फेऱ्या हेच चाललं. फारसा ठोसा नाही, जखम नाही, निकाल गुणांवर कॉशेककडे. आपल्या तालमीतल्या कुणाही पैलवानाने या कामाला मान डोलावली असती. वेगासमधल्या त्या पोरांनी तोंडं वाकडी केली. पण लाखो अमेरिकनांना त्या दहा मिनिटांत एक गोष्ट कळली, की राग कितीही असो, पट अडवता येत नसेल तर तो कामाचा नाही. वर्षानुवर्षं पत्रकं वाटून यूएफसीला हे समजावता आलं नव्हतं.

आता पैशांकडे येऊ. घरातल्या या लढती ‘प्रदर्शनीय’ धरल्या जात. व्यावसायिक लढतींच्या नोंदीत त्या येत नाहीत. अशा लढतीसाठी मानधन मिळणार नाही हे कळल्यावर काही जण अडून बसले. त्यांचं म्हणणं साधं होतं. हाडं आमची मोडणार, मग फुकट का लढायचं? व्हाइटने सगळ्यांना उभं केलं आणि शिव्यांच्या सरबत्तीत एकच सवाल टाकला, ‘तुम्हाला फायटर व्हायचंय का?’

हे भाषण यूएफसी आजही अभिमानाने दाखवते. भाषण जोरदार आहे, नाही म्हणायचं कारण नाही. पण नीट ऐकलं तर त्यात पोरांच्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही. तो प्रश्न विचारणं हाच भित्रेपणा ठरला आणि चर्चा तिथेच मिटली.

ते ऐकणाऱ्यांत नेट क्वारी होता. सगळ्यांत वयस्करांपैकी एक, समजूतदार, मिडलवेटमधला तगडा उमेदवार. सरावात त्याचा घोटा दुखावला आणि तो स्पर्धेतून बाद झाला. तरी घरी न जाता तो मदतनीस प्रशिक्षक म्हणून थांबला. त्याच्या रिकाम्या जागेवर परत आला लेबन! उपांत्य फेरीत केनी फ्लोरियनच्या कोपराने लेबनच्या कपाळाला खोक पडली आणि त्याचा खेळ संपला. फ्लोरियन बॉस्टन कॉलेजचा जुना फुटबॉलपटू. हा इथवर येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

(दृश्य : 9 एप्रिल 2005. कॉक्स पॅव्हिलियन, लास वेगास. गर्दी.)

अंतिम सोहळा थेट प्रक्षेपित झाला. मिडलवेटमध्ये डिएगो सांचेझने फ्लोरियनला पहिल्याच फेरीत आटोपलं. मग लाइट हेवीवेट. जॉर्जियातला माजी पोलीस फॉरेस्ट ग्रिफिन आणि इंडियानाचा स्टीफन बॉनर. बंगल्यात आरडाओरडा करणाऱ्यांत या दोघांचं नाव फारसं नव्हतं.

पंधरा मिनिटं. पहिल्या मिनिटापासून दोघं समोरासमोर उभे आणि ठोशाला ठोसा. बचाव नावापुरता. दुसऱ्या फेरीत ग्रिफिनच्या नाकावर जखम झाली, डॉक्टरांनी तपासलं, लढत पुन्हा सुरू. तिसऱ्या फेरीत दोघांचे हात इतके जड झाले की ठोसा मारला की तोलच जाई, तरी मागे कुणी सरेना. तंत्र म्हणून बघाल तर ही काही थोर लढत नाही, आज याहून सफाईदार लढती दर आठवड्याला होतात. पण घरात बारा आठवडे पाहिलेली ही दोन माणसं होती, आणि त्यांना हरताना बघणं जड जात होतं. प्रेक्षक उठून ओरडू लागले, ‘अजून एक फेरी!’

तिन्ही परीक्षकांनी 29-28 असा ग्रिफिनला कौल दिला. बॉनर गुडघ्यांवर बसला. तेवढ्यात व्हाइटने जाहीर केलं की विजेत्याला मिळणारा यूएफसीचा करार दोघांनाही मिळणार. आणि त्याच रात्री सभागृहामागच्या गल्लीत स्पाइकच्या अधिकाऱ्यांनी पुढच्या हंगामाचा सौदा पक्का केला. या वेळी पैसे वाहिनीने द्यायचे होते.

(दृश्य : झरझर बदलणारे पिंजरे, पट्टे, जल्लोष.)

पुढचं सगळं भराभर घडलं. आठवड्याभरात लिडेलने कुट्यूरला पाडून किताब घेतला. ग्रिफिन 2008 मध्ये विश्वविजेता झाला. 2013 मध्ये तो आणि बॉनर यूएफसीच्या मानाच्या यादीत एकत्रच गेले. बॉनर डिसेंबर 2022 मध्ये वारला, वय 45. देशोदेशी या साच्याच्या नकला झाल्या. आपल्या मुंबईत 2012 मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात सुपर फाइट लीग सुरू झाली, तिनेही एमटीव्हीवर स्वतःचा रिअॅलिटी शो आणला. तिचा जोर टिकला नाही. फर्टिटा बंधूंचा टिकला. वीस लाखांना घेतलेली कंपनी त्यांनी 2016 मध्ये सुमारे चार अब्ज डॉलरना विकली.

आणि नेट क्वारी?

घोटा बरा झाल्यावर तो यूएफसीत परतला आणि नोव्हेंबर 2005 मध्ये किताबासाठी रिच फ्रँकलिनसमोर उभा राहिला. पहिल्याच फेरीत एका डाव्या ठोशाने तो सरळ पाठीवर आदळला. किताबाच्या त्या लढतीचे आपल्याला दहा हजार डॉलर मिळाले, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. शेवटची लढत त्याने मार्च 2010 मध्ये केली.

डिसेंबर 2014 मध्ये यूएफसीवर फिर्याद दाखल झाली. मक्तेदारीच्या जोरावर लढवय्यांचं मानधन दाबून ठेवलं, असा आरोप. फिर्यादींत कुंग ली, जॉन फिच हे लढवय्ये आणि नेट क्वारी. बंगल्यात शिव्यांनी गप्प केलेला प्रश्न या वेळी वकिलांच्या भाषेत, कोर्टाच्या कागदावर आला. दहा वर्षं खटला चालला. 2025 च्या सुरुवातीला न्यायाधीशांनी साडेसदतीस कोटी डॉलरच्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं. ती रक्कम डिसेंबर 2010 ते जून 2017 या काळात यूएफसीत लढलेल्यांसाठी होती. क्वारीची शेवटची लढत त्याच्या साडेआठ महिने आधीची.