साल्सा : नाव कुणी दिलं?

लाकडाचे दोन आखूड दांडे एकमेकांवर आपटतायत. यांना क्लावे म्हणतात. आधी तीन ठोके, मग दोन. पियानो, कोंगा, ट्रम्पेट, गायक, सगळे या पाच ठोक्यांच्या आवर्तनाला धरून चालतात. क्युबाच्या पूर्व भागातून आलेल्या, १९२०च्या दशकात राजधानी हवानात रुजलेल्या या संगीताचं नाव होतं 'सोन'. आज ज्या नाचाच्या संगीताला जग 'साल्सा' म्हणतं, त्याचा पाया हाच.

'साल्सा' म्हणजे स्पॅनिशमध्ये चटकदार सॉस. वादन रंगात आलं, की वादकांना आणखी चेव यावा म्हणून "साल्सा!" अशी आरोळी पडायची. १९६०च्या दशकात व्हेनेझुएलाच्या काराकासमध्ये फिदियास दानिलो एस्कालोना या निवेदकाने आपल्या रेडिओ कार्यक्रमालाच 'साल्साचा तास' असं नाव दिलं.

पण हे नाव जगभर गेलं ते न्यूयॉर्कमधून. १९६१ मध्ये अमेरिकेने क्युबाशी संबंध तोडले, पाठोपाठ व्यापारबंदी आली. हवानाहून येणाऱ्या वादकांची वाट बंद झाली. ईस्ट हार्लेम आणि ब्राँक्समधल्या पोर्तो रिकन मुलांनी मात्र वाजवणं थांबवलं नाही. डॉमिनिकन बासरीवादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मसुची यांनी १९६४ मध्ये फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली. सत्तरच्या दशकात सोन, ग्वाराचा, माम्बो असे क्युबन संगीतप्रकार, सगळं या कंपनीने 'साल्सा' या एकाच नावाखाली बाजारात आणलं.

जुन्या कलावंतांना ते लागलं. न्यूयॉर्कमधले माम्बोचे नामवंत वादक टिटो प्वेन्ते म्हणायचे, साल्सा मी खातो, वाजवत नाही. त्यांचा राग रास्तच होता. क्युबन कलावंतांनी घडवलेले प्रकार एका लेबलखाली झाकले जात होते, क्युबाचं नावही कुठे येत नव्हतं.

तरीही मला हे नाव नुसतं बाजारू वाटत नाही. ब्राँक्सच्या विली कोलोनचे खणखणीत ट्रॉम्बोन, पनामाच्या रुबेन ब्लादेसची रस्त्यावरच्या माणसांची गाणी, क्युबा सोडून आलेल्या सेलिया क्रूसचा आवाज, हे सगळं 'क्युबन संगीत' या नावात कसं बसणार? परक्या शहरात वाढणाऱ्या पोरांना आपलं म्हणता येईल असं एक नाव हवं होतं, आणि ते त्यांना मिळालं.

क्युबात ते बराच काळ खटकत राहिलं. १९८३ मध्ये व्हेनेझुएलाचा साल्सा गायक ऑस्कर दे लेओन तिथे गेला. क्युबाचीच जुनी गाणी तो गायला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढे नव्वदच्या दशकात हवानाच्या नव्या बँडचं संगीत गाजलं, ते मात्र 'तिंबा' या नावाने.