आठ टेबलं, एक भट्टी

[दृश्य : स्वयंपाकघर. निळी ज्योत, वर पोलादी कढई. सुरुवातीला नुसता भट्टीचा आवाज, मग निवेदन.]

घरची गॅसची शेगडी जेवढी आग देते, तिच्या साधारण दहापट आग या भट्टीतून निघते. वर ती खोलगट, पातळ पोलादाची कढई दिसतेय ना, ती वोक. कोबी आत पडला, परतला गेला, बाहेरही आला. एवढ्या आचेवर भाजीचं पाणी साचून राहत नाही, सुटल्या सुटल्या वाफ होऊन जातं. कढई उडवली की तेलाचे बारीक थेंब ज्योतीत पेटतात आणि पदार्थाला एक धुरकट, करपण्याच्या जरा अलीकडचा वास लागतो. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांताकडचे लोक त्याला 'वोक हे' म्हणतात आणि त्यावरून आचाऱ्याची पारख करतात. हा वास टिकतो मोजकी मिनिटं. ताटली टेबलावर पोचेपर्यंत तो उडाला की उडाला, पुन्हा गरम करून परत येत नाही.

पुढचं सगळं रामायण या मोजक्या मिनिटांचं आहे.

[दृश्य : कॅमेरा खिडकीतून बाहेर. टेबलं, गल्ला, दार.]

हे चिनी हॉटेल छोटं आहे. आठ टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, मासे नसलेली काचेची टाकी. गल्ल्यावर मालकीणबाई. ऑर्डर त्याच घेतात, फोन त्याच उचलतात, पार्सलच्या पिशव्याही त्याच बांधतात. आत भट्टीवर त्यांचे यजमान, शेजारी सुरी चालवणारा एक मदतनीस, आणि बाहेर वाढायला एकच मुलगा. अशी हॉटेलं जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत सापडतील. आणि तिथे जेवून आलेला माणूस बहुधा हेच सांगेल की जेवण अफलातून होतं, पण सर्व्हिसचं काही खरं नाही.

एकदा वेटर हसून चहा ओततो, एकदा अर्धा तास फिरकत नाही. एक डिश पाच मिनिटांत समोर येते, दुसरी विसरलीच जाते. असं का होतं, हे बघायला आम्ही कॅमेरा जेवणाऱ्यांच्या बाजूला न लावता आतल्या बाजूला लावला.

मोठ्या कँटोनीज, म्हणजे ग्वांगदोंगच्या पद्धतीच्या, स्वयंपाकघरात कामं वाटलेली असतात. कढईवर एक, चिरण्याच्या ठोकळ्यावर एक, वाफाळणाऱ्या करंड्यांवर एक. शिवाय कढईवाल्याच्या पाठीशी एक माणूस नुसता उभा असतो. त्याचं काम म्हणजे पुढच्या डिशचं साहित्य ओळीने लावायचं, वेळेवर ताटली पुढे करायची, तिची कड पुसायची आणि कुठल्या टेबलाचं काय राहिलंय ते डोक्यात ठेवायचं. बाहेरच्या कुणाला हा माणूस कधी दिसत नाही, पण सगळी लय त्याच्या हातात असते.

छोट्या हॉटेलात हा माणूसच नसतो. परवडत नाही. मग त्याचं काम थोडं आचाऱ्यावर, थोडं वाढणाऱ्या मुलावर पडतं आणि उरलेलं कुणावरच पडत नाही. एखाद-दुसरं टेबल भरलेलं असेल तोवर निभावतं. तीन टेबलांच्या ऑर्डरी एकदम आत गेल्या की गाडी रुळावरून घसरते.

[दृश्य : खिडकीच्या कट्ट्यावर तयार ताटली. मागे मुलगा दुसऱ्या टेबलाची ऑर्डर समजावून घेतोय. हा शॉट न कापता चालू ठेवावा.]

ही ताटली बघत राहा. आचाऱ्याने आपलं काम चोख केलंय. चिकनचे तुकडे आधी अंड्याचा पांढरा बलक आणि कॉर्नफ्लोअरमध्ये माखले, बेताच्या तापलेल्या तेलातून काढले आणि मग मोठ्या आचेवर झटपट परतले. म्हणून ते बाहेरून रेशमी आणि आतून रसाळ झालेत. आता ते कट्ट्यावर आहेत, आणि उचलायला कुणी नाही. रस्सा दाटतोय, वर साय धरतेय, कुरकुरीत असलेलं स्वतःच्याच वाफेने मऊ पडतंय. स्वयंपाकघर उत्तम आणि सर्व्हिस वाईट, असं वेगवेगळं बोलायची आपल्याला सवय आहे. पण सर्व्हिस ढिली असेल, तर तुमच्यापर्यंत पोचणारं जेवणही तेवढंच खालावलेलं असतं. ज्याने ते चाखलं तो म्हणेल ठीक होतं. आत जे तयार झालं होतं, ते त्याला कधी मिळालंच नाही.

आता दुसरी तक्रार. आमच्यानंतर आलेल्यांना आधी मिळालं!

बऱ्याचदा मिळतं, आणि त्याला कारणही असतं. कढई एक आणि ऑर्डरी दहा, तेव्हा आचारी आलेल्या क्रमाने जातोच असं नाही. दोन टेबलांनी एकच भाजी मागितली असेल तर तो ती एकाच खेपेत काढतो. वाफवलेल्या माशाला त्याचा वेळ द्यावाच लागतो, पालेभाजी मात्र तेवढ्यात चटकन होऊन जाते. जे झालं ते बाहेर, हाच रिवाज. स्टार्टर, मेन कोर्स, डेझर्ट ही साखळी मुळात या जेवणाची नाही. डिश मधोमध ठेवायच्या, प्रत्येकाच्या हातात भाताचा वाडगा, आणि ज्याने त्याने मधून उचलून खायचं. अशा टेबलावर आधी काय आलं आणि नंतर काय, याने कुणाचं अडत नाही. अडतं ते 'माझी डिश माझी, तुझी डिश तुझी' म्हणून मागवणाऱ्यांचं. एक जण जेवतोय, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतायत. चौघांनी चार प्लेटा मागवण्याऐवजी टेबलासाठी म्हणून चार डिश मागवल्या, की निम्मी तक्रार तिथेच संपते. सूपचंही तसंच. ग्वांगदोंगच्या पद्धतीत ते सुरुवातीला येतं, उत्तरेकडे बरेचदा जेवणाच्या शेवटी. मोठ्या मेजवानीत तर भातच शेवटाकडे येतो, कारण भाताने पोट भरवणं हा पाहुण्याचा मान नव्हे.

[दृश्य : एक जोडपं. मेन्यू मिटून ठेवलाय. नजर वेटरला शोधतेय. वेटर दाराशी उभा.]

या दोघांना वाटतंय, तो आपल्याकडे दुर्लक्ष करतोय. आणि त्या मुलाला? यांना अजून काही नको असेल म्हणून तो लांब थांबलाय. चीनमध्ये वेटरला मोठ्याने हाक मारणं यात काही वावगं नाही. हाक मारली की तो येतो, एरवी मध्येमध्ये डोकावून काय हवं-नको विचारत बसत नाही. टिप देण्याचीही तिथे रीत नाही, त्यामुळे टिपेसाठी केलेली आर्जवंही नाहीत. इकडे गिऱ्हाईक सभ्यपणे वाट बघतंय, तिकडे वेटरही सभ्यपणे वाट बघतोय. सभ्यतेपायी दोन माणसं वीस मिनिटं वाया घालवू शकतात, हे आम्ही प्रत्यक्ष शूट केलंय. हात वर करा, हाक मारा, त्याला राग येणार नाही.

चहाचंही असंच. किटली रिकामी झाली की झाकण अर्धवट सरकवून ठेवायचं. कँटोनीज हॉटेलात याचा अर्थ गरम पाणी घाला. कुणी कप भरला की बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायचं, ते झाले आभार. वेश पालटून हिंडणाऱ्या चीनच्या च्येनलोंग बादशहाने आपल्या सेवकाला चहा ओतला आणि सेवकाने गुपित फुटू नये म्हणून बोटांनीच मुजरा केला, अशी यामागे एक दंतकथा आहे. कथा खरी असो-नसो, टकटक चालते.

आता जेवणाकडे येऊ, कारण लोक इतकं सगळं सोसून इथे परत का येतात, त्याचं उत्तर या वाडग्यात आहे.

[दृश्य : मापो टोफूचा वाडगा. वर लाल तेलाचा थर, वाफ.]

मापो टोफू. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदू शहरातला पदार्थ. १८६२च्या सुमारास एका पुलाजवळ चेन आडनावाच्या जोडप्याची खानावळ होती, तिथल्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेल्या बाईने तो पहिल्यांदा केला असं सांगतात. मऊ टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, खिमा, आंबवलेले काळे सोयाबीन, आणि चेंगदूजवळच्या पीश्येनची दोउबानज्यांग, म्हणजे बाकल्याचे दाणे आणि मिरच्या मीठ घालून महिनोन्‌महिने आंबवलेली तांबडी पेस्ट. शेवटी भाजून कुटलेली सिचुआन मिरी. पहिल्या घासाला तिखट लागतं, दुसऱ्याला ओठ थरथरायला लागतात. ही थरथर कल्पनेतली नाही. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी लोकांच्या ओठाला ही मिरी लावून मोजणी केली, तेव्हा ती झिणझिण सेकंदाला ५० कंपनांच्या आसपास भरली. मिरीतल्या सॅनशूल नावाच्या द्रव्याने स्पर्श जाणवणाऱ्या नसाच फसतात.

अमेरिकेत १९६८पासून २००५पर्यंत या मिरीच्या आयातीवर बंदी होती. लिंबू-संत्र्यांच्या झाडांना लागणारा एक रोग तिच्यातून पसरेल ही भीती. तेवढी वर्षं तिथल्या हॉटेलांतला मापो टोफू एकतर मिरीविना शिजला किंवा चोरून आणलेल्या मिरीवर. मग तो अस्सल नव्हता का? आणि अस्सलच म्हणायचं तर सिचुआनची मिरचीसुद्धा तिथली नाही. ती अमेरिका खंडातून आली, चीनच्या लिखाणात सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसते आणि स्वयंपाकात रुळायला तिला आणखी बराच काळ लागला. त्यामुळे अमुक पदार्थ शंभर टक्के मूळचा की नाही, या वादात आम्हाला रस नाही. आमची कसोटी साधी आहे. गिऱ्हाईक घाबरेल म्हणून आचाऱ्याने हात आखडता घेतलाय का? या वाडग्यात घेतलेला नाही.

मेन्यूही बघा. चीनमधल्या आठ नावाजलेल्या पाकपरंपरांपैकी सगळ्याच एका स्वयंपाकघरातून निघत असतील तर सावध व्हावं. इथे भिंतीवर चिनी अक्षरांत चिकटवलेले कागद आहेत, छापील मेन्यूत त्यातलं निम्मंही नाही. बोट दाखवून विचारा. मालकीणबाई आधी म्हणतील, तुम्हाला आवडणार नाही. पुन्हा विचारा.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, चायनाटाउनमधल्या गल्ल्या.]

खडूस सर्व्हिस म्हणजेच अस्सल हॉटेल, अशी एक समजूत लोकांनी हौसेने जोपासली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये सॅम वो नावाच्या हॉटेलात एडसेल फोर्ड फॉंग नावाचा वेटर होता. गिऱ्हाइकांवर खेकसणं, त्यांच्याकडूनच कामं करून घेणं यासाठी तो इतका गाजला की लोक अपमान करून घ्यायला रांग लावत. १९८४ साली तो वारला, आख्यायिका मागे राहिली. हाँगकाँगच्या छोट्या चहा-हॉटेलांतही वेटर दोन शब्दांपलीकडे बोलत नाही, अनोळखी माणसाशेजारी बसवतो आणि खाऊन झालं की उठण्याची वाट बघतो. पण तिथली घाई सगळ्यांना सारखी असते, आणि चहा विलक्षण वेगाने येतो. तो उद्धटपणा नव्हे, तो धंद्याचा वेग आहे.

दुसऱ्या देशांतल्या कुटुंबाच्या हॉटेलांची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती, आणि १९१५ साली न्यायालयाच्या एका निकालाने हॉटेलमालकांनाही त्या सवलतीत घेतलं. त्यानंतर चिनी हॉटेलं भराभर उघडली. दुसरी कामं मिळत नव्हती म्हणून माणसं कढईशी आणि टेबलांशी आली. आदरातिथ्याचं शिक्षण घेऊन कुणी आलं नव्हतं. मुलं शाळेतून येऊन वाटाणे सोलायची आणि बिलं लिहायची. यात काही जण फार उत्तम यजमान झाले, काही कधीच नाही.

हे सगळं समजून घेतलं तरी प्रत्येक गोष्टीवर पांघरूण घालायचं कारण नाही. ओळखीच्या टेबलाला हसत वाढायचं आणि अनोळख्याला ताटकळवायचं, हा रिवाज नव्हे, पक्षपात आहे. चिनी बोलणाऱ्यांना लवकर मिळतं ते पुष्कळदा त्यांना मागता येतं म्हणून. नेहमीच म्हणून नाही. बिलात न खाल्लेली डिश दिसली तर तीही संस्कृती नव्हे.

गर्दीच्या वेळी जायचंच असेल तर मागवतानाच थोडं डोकं चालवा. सोया सॉसमध्ये मंद शिजलेलं डुकराचं मांस, लसूण-व्हिनेगर घातलेली ठेचलेली काकडी, मापो टोफू, हे कट्ट्यावर थोडं रेंगाळलं तरी बिघडत नाही. टोफूवरचा तेलाचा थर उष्णता धरून ठेवतो, काकडी तर गारच खायची. मोठ्या आचेवर परतलेल्या पालेभाज्या आणि आलं-पातीवर कडकडीत तेल ओतलेला मासा मात्र आरामाच्या वेळेसाठी ठेवा, किंवा खिडकीजवळचं टेबल धरा.

[दृश्य : तेच जोडपं. तीन डिश संपल्यात, चौथी आलेली नाही.]

यांची पालेभाजी राहिली. 'कधी येईल?' असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे, दोन मिनिटं. त्याऐवजी विचारा, कढईवर चढली का? चढली असेल तर थांबा, खरंच लगेच येईल. चढली नसेल तर नको म्हणून सांगा, आचाऱ्यालाही तेवढंच हायसं वाटेल. आणि निघताना बिलातून ती कापली आहे ना, तेवढं पाहून घ्या.