नदी थकत नाही

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘नदी जमीन कशी घडवते’, आणि मी त्यावर बोलणार आहेच. पण आधी एक जुना राग काढून घेतो. माईक काही रोज हाती येत नाही.

आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय: नदीची युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था. डोंगरात अवखळ, मैदानात दमलेली, म्हणून हातून गाळ सुटतो. भूप्रदेशाला असं वय लावण्याची कल्पना अमेरिकी भूगोलतज्ज्ञ विल्यम मॉरिस डेव्हिस यांच्या १८९९ च्या निबंधामुळे गाजली. पुढे पाठ्यपुस्तकांनी ती एकाच नदीच्या उगमापासून मुखापर्यंत ताणली, आणि समुद्राजवळची प्रत्येक नदी बिचारी पेन्शनीत निघाली!

१९५३ मध्ये जलशास्त्रज्ञ लुना लिओपोल्ड यांनी अमेरिकी नद्यांची मोजमापं तपासली, तर सरासरी वेग खाली जाताना बहुधा थोडा वाढतोच. डोंगरातलं पाणी धोंड्यांवर आपटतं, फेसाळतं, भोवऱ्यांत शक्ती घालवतं. खाली पात्र खोल होतं, तळ गुळगुळीत होतो आणि एकूण पाण्याच्या मानाने घर्षण कमी पडतं. उतार घटला तरी वेग टिकतो तो त्यामुळे. खळखळाट म्हणजे वेग नव्हे. वक्त्यांच्या बाबतीत हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मग मैदानातली नदी नागमोडी का जाते? दमून झोकांड्या खाते म्हणून? इथे माझा लाडका किस्सा. १९२६ मध्ये आइन्स्टाइन यांनी या वळणांवर एक छोटा लेख लिहिला आणि सुरुवात केली चहाच्या कपापासून. चहा ढवळा. तळाची पत्ती खरं तर कडेला फेकली जायला हवी, पण ती मधोमध गोळा होते. कारण फिरणारा चहा कडेला किंचित चढतो, तिथला दाब वाढतो. तळाशी घर्षणाने फिरण्याचा वेग मंदावलेला, त्यामुळे तो दाब तळच्या चहाला आत ढकलतो, आणि पत्ती त्याच्याबरोबर जाते. श्रोडिंगर यांनी त्यांना कळवलं की बायकोने नुकतंच हेच विचारलं होतं आणि आपल्याला उत्तर देता आलं नव्हतं. क्वांटमवाले श्रोडिंगर! तेव्हा घरी अडलात तर वाईट वाटून घेऊ नका. आणि अभियंते जेम्स थॉमसन यांनी हे नदीबाबत १८७६ मध्येच सांगितलं होतं; पण आइन्स्टाइनचा चहा म्हटलं की लोक ऐकतात, तुम्हीही ऐकलंत.

नदीच्या वळणावर हेच घडतं. वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठावर जाऊन तो तासतं, तळचं पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे सरकतं. बाहेर कडा, आत वाळूचा पट्टा. वळण फुगत जातं, त्याच्या दोन टोकांमधली जमिनीची मान अरुंद होते, एखाद्या पुरात नदी ती फोडून सरळ निघते आणि मागे नालाकृती सरोवर उरतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, धावतो.

खोदकाम: नुसत्या पाण्यापेक्षा त्यातली वाळू-गोटे खडक जास्त झिजवतात. भोवऱ्यात अडकलेला गोटा रांजणखळगा कोरतो. नायगाऱ्यात वरचा थर कठीण, खालचा मऊ; खालचा पोखरला की वरचा कोसळतो. असा तो धबधबा सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे सरकला.

भराव: वेग टिकतो तर गाळ पडतो कुठे? काठ ओलांडल्यावर. पुराचं पाणी पसरून उथळ झालं की वेग एकदम गळतो. जाड वाळू काठाशीच पडून पूरतट उभे राहतात, बारीक चिखल लांब जाऊन मैदान होतो. समुद्राशी प्रवाह विरला की उरलेल्या गाळाचा त्रिभुज प्रदेश.

शेवटचं, घंटा वाजण्याआधी. गाळाने पात्र आजूबाजूच्या जमिनीहून उंच झालं की नदी सखल वाट शोधते. ऑगस्ट २००८ मध्ये नेपाळात कुसहाजवळ कोसी नदीने बांध फोडला आणि शंभरहून अधिक किलोमीटर पूर्वेच्या जुन्या पात्रांतून ती बिहारमध्ये घुसली. अशी पात्रं बदलत बदलतच तिने तिथलं पंख्यासारखं विशाल मैदान रचलंय. घंटा झाली. त्रिभुज प्रदेशांचे प्रकार प्रश्नोत्तरांत विचारा, म्हणजे मला आणखी दहा मिनिटं मिळतील.