कशावरून?

[दृश्य: रावपुऱ्यातली गर्दी. तांबेकर वाड्याचा लाकडी दर्शनी भाग.]

रावपुऱ्यातून रोज जाणाऱ्या कितीतरी बडोदेकरांनी हा वाडा फक्त बाहेरून पाहिलाय. भाऊ तांबेकर, एकोणिसाव्या शतकातले बडोदा संस्थानचे दिवाण, त्यांचा हा वाडा. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. आत भिंतींवर महाभारत, कृष्णाच्या गोष्टी, लढाया. रंग जागोजागी उडालेले.

आज तिसरीची वीसेक मुलं आली आहेत. बाईंनी ना साल सांगितलं, ना दिवाणांचं नाव. एका घोडेस्वारासमोर सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, “काय चाललंय इथे?”

“सरदार चाललाय.”

“सरदार कशावरून?”

“घोडा आहे ना! घोडा काय फुकट मिळतो?”

मागून आवाज आला, “चोरला असेल तर?”

[दृश्य: मुलांचे चेहरे. कोणी बोलत नाही.]

चांगले कपडे, घोडा, तलवार दिसली की माणूस मोठा, हे आपणही धरूनच चालतो. इथे ते तिसरीतल्या पोरानं एका वाक्यात हलवलं.

लहान मुलांशी तत्त्वज्ञान बोलता येतं, हे मॅथ्यू लिपमन या अमेरिकन प्राध्यापकानं मनावर घेतलं. 1974 मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला त्यासाठी संस्था निघाली. त्यांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या आणि त्यांवर वर्गात गोल बसून बोलायचं, अशी रीत घातली. चित्रांची वाट वेगळ्या माणसांनी काढली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउझेन यांनी तीन प्रश्न ठरवले. चित्रात काय चाललंय? असं वाटायला तुला काय दिसलं? आणखी काय सापडतं?

मधल्या प्रश्नाला मराठीत एक शब्द पुरतो. कशावरून. घरात हा शब्द मुलानं मोठ्यांना विचारला, तर त्याला उलट बोलणं म्हणतात. बाईंच्या वर्गात तो सगळ्यांनी सगळ्यांना विचारायचा. बडोद्याची मुलं, त्यामुळे मधूनच गुजरातीतलं ‘शेना परथी?’ही होतं.

[दृश्य: कीर्ती मंदिर. नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं.]

पुढच्या आठवड्यात कीर्ती मंदिर. गायकवाड घराण्याच्या या स्मारकाच्या भिंती नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात रंगवल्या. इथेही महाभारतातलं युद्ध आहे, पण वाड्यातल्यासारखं मुळीच नाही. मग खरं कुठलं? “जो तिथे होता त्याचं,” एक मुलगी म्हणाली. दोघंही चित्रकार तिथे नव्हते, हे कळल्यावर ती नाराज झाली. तिला समजावायची घाई बाईंनी केली नाही. या कामातलं हेच अवघड. उत्तर जिभेवर असतं आणि ते गिळायचं असतं. उत्तरपत्रिका तपासायची सवय असलेल्याला तर फारच अवघड.

[दृश्य: वर्ग. मुलं चित्रं काढतायत. खडू, सांडलेलं पाणी.]

वाड्यातल्या त्या घोडेस्वाराचा चेहरा उडालेला होता. तो आज प्रत्येकानं आपल्या कागदावर पुरा करायचा आहे. कुणी मिशा काढल्या, कुणी आजोबांचा चेहरा दिला. एकीनं बाई काढली. “बायका घोड्यावर बसत नाहीत कशावरून?” हे तिनं कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

शेवटच्या बाकावरच्या मुलानं चेहरा काढलाच नाही. त्यानं पोपडा काढला. चुना कुठे सुटलाय, कडेला रंगाची कोर कशी राहिलीय, आतली भिंत कशी करडी दिसते, सगळं बारकाईनं. घोडा मात्र घाईत उरकलेला.

“अरे, चेहरा?”

“तिथे नाहीये ना.”

“हे चित्रच नाही,” शेजारचा म्हणाला.

“कशावरून?”

[दृश्य: शाळा सुटते. व्हॅनच्या दाराशी दोघं, पाठीवर दप्तरं.]

व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतायत. नसलेल्या गोष्टीचं चित्र असतं की नाही, यावर दोघांचं निम्मं मराठीत, निम्मं गुजरातीत अजून चालूच आहे.