नाहीतर काय झालं असतं?

मंडळी, सुरुवात दोन औषधांपासून करतो.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुष्कळ रुग्णांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकतात. असे चुकार ठोके ज्यांच्यात जास्त, त्यांना अचानक मृत्यू येण्याचा धोकाही जास्त, हे १९८०च्या आसपास हृदयरोगतज्ज्ञांना चांगलं ठाऊक होतं. त्या दशकात ठोके ताळ्यावर आणणारी नवी औषधं आली. त्यांतली दोन म्हणजे एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड. गोळी सुरू केली की ईसीजीची पट्टी सुधारायची. पुढचा तर्क कुणीही केला असता. ठोके सुधारले, म्हणजे मृत्यू टळतील. अमेरिकेत डॉक्टर ही औषधं लिहून देत होते, आणि त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं काही कारण नाही.

मग तिथेच एक मोठी चाचणी घेतली गेली. ‘कास्ट’ या नावाने ती ओळखली जाते. तिची आखणी मला फार आवडते, कारण ती औषधाला झुकतं माप देणारी होती. आधी रुग्णांना औषध देऊन पाहिलं आणि ज्यांचे ठोके खरोखर सुधारले, तेवढ्यांनाच पुढे घेतलं. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. ७५५ जणांना औषध मिळालं, आणि ७४३ जणांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. सरासरी १० महिन्यांत प्लासिबोच्या गटातले २६ जण दगावले. औषधाच्या गटातले ६३. १९८९ साली या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली.

आकडे धक्कादायक आहेत, पण मला त्याहून दुसरा प्रश्न जास्त छळतो. रोज ही औषधं देणाऱ्या डॉक्टरांच्या हे लक्षात कसं आलं नाही? ते निष्काळजी होते का? मुळीच नाही. विचार करून बघा. झटका येऊन गेलेला रुग्ण औषध घेऊन जगला, तर डॉक्टर म्हणणार, औषध लागू पडलं. तो दगावला, तर म्हणणार, हृदयच कमजोर होतं, आम्ही शर्थ केली. काहीही घडलं तरी औषध निर्दोष सुटतं. या माणसाने गोळी घेतली नसती तर काय झालं असतं, हे त्या दवाखान्यात बसून कुणालाच दिसत नाही. तीस वर्षांच्या अनुभवानेही नाही. आजचं माझं सगळं बोलणं या न दिसणाऱ्या गोष्टीभोवती फिरणार आहे.

ती थेट पाहता येत नसली, तरी तिच्या जवळ जाता येतं. त्यासाठी सारख्या रुग्णांचे दोन गट लागतात. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या शल्यवैद्याने स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी भराभर सुधारली. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली ती १७९५ साली. मध्ये ४८ वर्षं गेली. पुरावा हाती येणं आणि तो वापरात येणं या दोन वेगळ्या घटना आहेत.

लिंडच्या पद्धतीत एक उणीव होती. कुणाला काय द्यायचं हे त्यानेच ठरवलं होतं. डॉक्टरच्या हातात निवड राहिली की तो नकळत बरे होण्यासारखे रुग्ण नव्या औषधाकडे वळवतो. हा दोष काढून टाकणारी गाजलेली चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन चालतं का, हा प्रश्न होता. ब्रिटनमध्ये तेव्हा औषधाचा साठाच अपुरा होता, त्यामुळे सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने बंद पाकिटांची व्यवस्था केली. पाकीट उघडेपर्यंत कुणालाच कळत नसे की हा रुग्ण कोणत्या गटात जाणार. सहा महिन्यांनी पाहिलं, तर औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ जण दगावले होते आणि नुसत्या विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १४. त्याच चाचणीत जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हेही दिसलं, आणि तिथूनच क्षयावर एकाहून अधिक औषधं एकत्र देण्याचा रस्ता सुरू झाला. चांगली चाचणी आपल्याला हवं ते उत्तर देतेच, पण नको असलेलंही देते. या नको असलेल्या उत्तरासाठीच ती घ्यायची असते.

आता तर्काबद्दल थोडं, कारण डॉक्टर आणि रुग्ण दोघेही तर्कावर फार लवकर भाळतात. तान्ह्या बाळाला कसं झोपवावं? ‘उताणं झोपवलं आणि ओकारी आली तर श्वासात अडकेल, म्हणून पालथं झोपवा’, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत १९५०च्या दशकापासून अनेक वर्षं दिला गेला. ऐकायला किती सयुक्तिक वाटतं! पण पालथी झोपणारी बाळं झोपेतच अचानक दगावण्याचं प्रमाण अधिक होतं. २००५ साली काही संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडून हिशेब केला. १९७० पर्यंत जे अभ्यास छापून आले होते तेवढेच कुणी शेजारी-शेजारी ठेवले असते, तरी धोका दिसला असता. ब्रिटनमध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली १९९१ साली. त्या संशोधकांच्या अंदाजाने, वेळीच पाहिलं असतं तर ब्रिटनमधली १०,००० हून जास्त बाळं वाचली असती. पुरावा होता हो. तो वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेला होता, आणि गोळा करणं हे कुणाचंच काम नव्हतं.

हे काम कुणाचं तरी असायला हवं, अशी तक्रार आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरने १९७०च्या दशकात केली, आणि १९९३ साली त्याच्या नावाने एक आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात काही आडव्या रेघा आहेत. शोभेसाठी काढल्यासारख्या दिसतात, पण ती खरी आकडेवारी आहे. वेळेआधी प्रसूत होण्याचा धोका असलेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. त्याबद्दलच्या चाचण्यांची प्रत्येकी एक रेघ. पहिली चाचणी न्यूझीलंडमध्ये झाली आणि १९७२ साली छापली गेली. पुढच्या चाचण्या लहान होत्या, त्यातल्या कित्येक एकेकट्या पाहिल्या तर काहीच ठाम सांगत नाहीत. सगळ्या एकत्र केल्यावर मात्र शंकेला जागा उरत नाही. तरीही हे इंजेक्शन सर्रास दिलं जायला १९९०चं दशक उजाडलं.

तेव्हा उद्या कुणी तुम्हाला म्हणालं, ‘एका संशोधनात असं आढळलंय’, तर पहिला प्रश्न विचारा: आणि बाकीच्यांत?

बाकीची कधीकधी छापलेलीच नसतात. हा प्रकार फार गंभीर आहे. नैराश्यावरच्या काही औषधांच्या ७४ चाचण्या अमेरिकेच्या औषध नियंत्रकाकडे नोंदलेल्या होत्या. २००८ साली त्या कागदपत्रांची छापील निबंधांशी ताडणी झाली. नियंत्रकाच्या मते औषधाला अनुकूल ठरलेल्या ३८ चाचण्यांपैकी ३७ छापल्या गेल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नव्हत्या आणि ११ अशा पद्धतीने लिहिल्या होत्या की निष्कर्ष अनुकूलच वाटावा. म्हणजे ग्रंथालयात बसून प्रामाणिकपणे वाचणाऱ्या डॉक्टरला जवळजवळ प्रत्येक चाचणी यशस्वी दिसणार. यावर उपाय म्हणून चाचणी सुरू होण्याआधीच तिची जाहीर नोंद करण्याची अट प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी २००५ पासून घातली. अट आहे, पाळली किती जाते, हा वेगळ्या भांडणाचा विषय.

पुढचा मुद्दा टक्क्यांचा. १९९५ साली ब्रिटनमध्ये इशारा देण्यात आला की अमुक प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! अनेक बायकांनी गोळ्या बंद केल्या. धोका खरोखरच दुप्पट होता, म्हणजे सात हजारांत एक होता तो सात हजारांत दोन झाला होता. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गंमत म्हणजे, नको असलेल्या गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा अधिक असतो. आकडा खोटा नव्हता, अर्धवट होता. ‘किती पट’ ऐकलं की ‘कितींतून किती’ विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. औषधाचा फायदा सांगतानाही हीच चलाखी होते: शंभरांत दोनाचं एक झालं की जाहिरातीत धोका ५० टक्क्यांनी कमी.

आता जरा अवघड भागाकडे. आपण पुरावा नीट गोळा केला, आकडे नीट वाचले. निर्णय आपोआप पडतो का?

रजोनिवृत्तीनंतर घ्यायच्या हार्मोन्सचं उदाहरण घेऊ. ती घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं वर्षानुवर्षांची निरीक्षणं सांगत होती. पण तपासण्या करून घेणाऱ्या, व्यायाम करणाऱ्या, हातात पैसा असलेल्या बायकाच ती जास्त घेत होत्या. मग १६,६०८ स्त्रियांवर रँडमाइज्ड, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून केलेली, चाचणी झाली आणि २००२ साली ती ठरलेल्या वेळेआधी थांबली. एका वर्षात दर १०,००० स्त्रियांमागे हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८ आणि स्तनाच्या कर्करोगाचे ८ प्रसंग जास्त. मोठ्या आतड्याचे कर्करोग ६ ने कमी, खुब्याची मोडलेली हाडं ५ ने कमी. हृदय वाचावं म्हणून हार्मोन्स घ्या, हा सल्ला तिथे निकालात निघाला.

पण समजा, पन्नाशीतल्या एका बाईला अंगातून गरम वाफा येतात, रात्र-रात्र झोप नाही, कामावर उभं राहवत नाही. तिच्यासमोर हेच आकडे ठेवले आणि ती म्हणाली, ‘एवढा धोका मला चालेल, मला झोप हवीय’, तर ती अडाणी ठरते का? दुसरी, जिच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, ती हेच आकडे वाचून नको म्हणेल. दोघींचा पुरावा सारखाच, दोघींचे निर्णय वेगळे, आणि माझ्या मते दोन्ही बरोबर. डॉक्टर डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुराव्यावर आधारित वैद्यकाची मांडणी करताना डॉक्टरचा अनुभव आणि रुग्णाचं स्वतःचं मत यांना पुराव्याच्या बरोबरीने जागा दिली होती. पुढे मार्गदर्शक सूचनांचे जाडजूड ग्रंथ निघाले आणि ही जागा आक्रसत गेली.

सरासरीच्या पोटात काय असतं, तेही पाहावं लागतं. २०२० मध्ये कोव्हिडच्या रुग्णांवर ‘रिकव्हरी’ नावाच्या चाचणीत डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड वापरलं गेलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांच्यात काहीच फायदा दिसला नाही. उलट आकडे नुकसानीच्या बाजूला झुकले होते. ‘कोव्हिडवर स्टेरॉइड चालतं’ एवढंच वाक्य लक्षात ठेवून ते सर्दी-तापाच्या पायरीवर देणाऱ्याने पुरावा अर्धाच वाचला.

प्रत्येक गोष्टीला अशी चाचणी हवी, असा माझा हट्ट नाही. १९२२ साली इन्सुलिन आलं तेव्हा मरणाच्या दारातली मुलं उठून बसली; तिथे दोन गट कशाला पाडायचे? न दिल्यास काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलंच होतं. पण इतके ढळढळीत परिणाम विरळा. बहुतेक उपचारांचा फायदा शंभरांत दोन-चार जणांना होतो. तेवढा फरक कुणाच्याही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आणि पुष्कळदा चांगला पुरावा नसतोच. अशा वेळी डॉक्टरने ‘याबद्दल खात्रीने माहिती नाही’ असं सांगितलं, तर त्यांना कमी लेखू नका. पुढे विचारा, की थोडे दिवस काही न करता थांबलो तर काय होईल, आणि कोणतं लक्षण दिसलं तर लगेच परत यायचं. हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्या. समोर बसल्यावर निम्मं विसरायला होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ या.