चकचकीत पिस्तूल आणि गवती रंगाचा खटका

पडद्यावरचे हे दोन फोटो आधी नीट पाहून घ्या. दोन्ही लुगरच, म्हणजे जुनी जर्मन पिस्तुलं. डावीकडचं काळंभोर, आरशासारखं. उजवीकडच्याच्या कडा घासून पांढऱ्या पडल्यात, मुठीच्या लाकडावर ओरखडे आहेत, नळीच्या टोकाशी तर रंगच उरलेला नाही. मला जुनी पिस्तुलं जमवायचा हा नाद नुकताच लागला होता तेव्हा ही दोन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी होती. मी कुठलं उचललं ते तुम्हाला कळलेलं दिसतंय, हसताय म्हणजे.

एक गोष्ट आधी उरकतो. परवाना, नोंदणी, मालकी बदलल्याचे कागद, जे काही तुमच्या देशाचा कायदा मागतो ते सौद्याच्या आधी. जुनं आहे, शोभेचं आहे, चालत नाही, या सबबी सगळीकडे चालतात असं नाही. नंबर खरवडलेलं पिस्तूल फुकट मिळालं तरी त्याला हात लावू नका. आणि कायदेशीर पिस्तूल हातात आलं की पहिल्यांदा मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बाहेर, मग चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं. समोरचा ‘रिकामं आहे हो’ म्हणाला तरीही.

आता चकाकीकडे येऊ. पिस्तुलाच्या या निळ्या-काळ्या चकाकीला, म्हणजे ब्लूइंगला, आपण रंग म्हणतो, पण तो वरून फासलेला रंग नसतो. जुन्या पद्धतीत कारागीर पोलादावर मुद्दाम बारीक गंज चढू द्यायचे, मग भाग पाण्यात उकळायचे, वरची मऊ काजळी घासून काढायचे आणि पुन्हा गंज चढवायचे. असे कितीतरी फेरे झाले की तो खोल निळा-काळा थर बसायचा. पोलादाचंच ते कातडं म्हणा ना. कुणी पिस्तूल ‘नव्यासारखं’ करायला घेतलं की हे कातडं आधी घासून काढावं लागतं, आणि घासताना पॉलिशचं चाक फक्त गंज खात नाही. धारदार कडा गोलावतात. कोरलेली अक्षरं उथळ होतात. स्क्रूच्या आणि पिनांच्या भोकांभोवती बशीसारखा हलका खळगा पडतो. बोटाचं नख त्या भोकाच्या काठावरून फिरवून पाहा. मूळ पिस्तुलाचा काठ नखाला अडतो, घासलेल्याचा नख सोडून देतो. आणि गंजाचे खड्डे तळापर्यंत एकसारखे काळे दिसले, की ओळखायचं, आधी खड्डे पडले आणि ब्लूइंग नंतर झालं.

माझ्या लुगरच्या चेंबरवर १९१७ साल आहे, डीडब्ल्यूएम या जर्मन कारखान्याची बनावट. त्या काळच्या लुगरमध्ये चाप, मॅगझिनचं बटण, पिस्तूल खोलायचा खटका असे काही छोटे भाग निळे नसत. ते तापवून वाळल्या गवताच्या सोनेरी रंगावर आणलेले असत. साधारण १९३७ पर्यंत ही रीत होती. माझ्या पिस्तुलाचा खटका मात्र बाकी सगळ्यासारखाच काळाभोर! घेऊन आल्यावर महिनाभर मी ते अभिमानाने दाखवत होतो. मग एका जुन्या संग्राहकाने भिंग न लावता, लांबूनच विचारलं, “खटका कुठल्या रंगाचा आहे हो?” तेवढंच. पुढचा चहा मी गुपचूप प्यायलो.

नंबरांचं म्हणाल तर तिथे प्रत्येक घराण्याची चाल वेगळी. लष्करी लुगरवर मुख्य भागांना पूर्ण नंबर आणि बारीकसारीक भागांवर त्याचे शेवटचे दोन आकडे असतात. सगळे जुळले की संग्राहक खूश. पण नंबर दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होत आणि दहा हजारांनंतर मागे अक्षर लागे, म्हणून साल आणि अक्षर धरल्याशिवाय नुसत्या नंबराला काही अर्थ नाही. जुळवून आणलेले नंबरही असतात: जुना आकडा घासायचा, नवा ठोकायचा. तिथे पृष्ठभाग किंचित दबलेला असतो आणि आकड्याचं वळण शेजारच्या भागाशी जमत नाही. तिरप्या उजेडात लगेच दिसतं, समोरून टॉर्च मारलात तर नाही.

हाच काटा कोल्ट १९११ या अमेरिकी पिस्तुलाला लावायला गेलात तर फसाल. अमेरिकी सैन्याने ते १९११ साली स्वीकारलं आणि दुसऱ्या महायुद्धात कोल्टखेरीज इतर कारखान्यांनीही ते बनवलं: टाइपरायटरवाली रेमिंग्टन रँड, रेल्वेचे सिग्नल करणारी युनियन स्विच, आणि आपल्या ओळखीची शिवणयंत्रवाली सिंगर. युद्धकाळच्या या पिस्तुलांत नंबर फ्रेमवर, म्हणजे मुठीसकटच्या सांगाड्यावर असतो, वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर नाही, आणि सैन्याच्या दुरुस्तीत एकाची स्लाइड दुसऱ्याच्या फ्रेमवर सहज चढे. ती लबाडी नव्हे, ती त्या पिस्तुलाची नोकरी. लबाडी सिंगरच्या नावाने होते. सिंगरची फक्त ५०० बनली, त्यामुळे ते नाव नंतर ठोकून घेण्याचा मोह किती होत असेल बघा.

नळीत डोकावणं आम्ही नवखे हमखास विसरतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर जे क्षार मागे राहतात ते हवेतला ओलावा ओढतात, आणि नुसत्या तेलाने जात नाहीत, पाण्यानेच धुवावे लागतात. न धुतलेली नळी आतून देवीच्या व्रणांसारखी दिसते. बाहेरून आरसा आणि आतून व्रण, ही जोडी दिसली की मी तरी हात मागे घेतो.

आणि चालवायचा विचार असेल तर काडतूस कुठलं, हे मुठीवर विसंबून ठरवू नका. १९१६ साली जर्मन सैन्याने माउझर सी-९६ हे पिस्तूल नऊ मिलिमीटरच्या काडतुसासाठी मागवलं, तेव्हा गोंधळ टळावा म्हणून मुठीवर मोठा ९ कोरून त्यात लाल रंग भरला होता. मूठ बदलायला एकच स्क्रू लागतो, नळी नाही बदलत. आधी जाणकार बंदूकमिस्त्रीला दाखवा.

मागून प्रश्न आला, की तो खटका तापवून पुन्हा सोनेरी करता येणार नाही का? येईल की. सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या आसपास पोलाद तोच रंग धरतं, घरच्या भट्टीतसुद्धा. दोनदा मी तो काढून हातात घेतलाही होता. पण मग पुढच्या गिऱ्हाइकाला मी काय सांगणार? परत बसवला, काळाच. आणि ते उजवीकडचं घासलेलं लुगर त्याच दिवशी दुसऱ्या एका माणसाने नेलं. मी पैसे मोजत होतो तेव्हा तो खिडकीशी ते तिरपं धरून, भिंग लावून, एकेक आकडा वाचत उभा होता.