उसवण्याचं सुख

नमस्कार. तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर लोकरीचा एक विणलेला चौकोन ठेवला आहे. तो हातात घ्या, ताणून बघा, उलटसुलट करून बघा. फक्त त्याचं लोंबणारं टोक एवढ्यात ओढू नका. त्याची वेळ शेवटी येईल.

घरातल्या छंदांवर बोला, असं मला सांगितलं होतं. छंद पुष्कळ आहेत, पण ज्यात माझी पस्तीस वर्षं गेली त्या विणकामाबद्दलच मी बोलणार आहे. त्यातही, ज्याचं नाव काढलं की नवशिक्यांचा चेहरा उतरतो, त्या उसवण्याबद्दल.

चौकोनाच्या एका बाजूला लहान लहान ‘व्ही’ अक्षरं एकावर एक रचल्यासारखी दिसतील. दुसऱ्या बाजूला आडवे उंचवटे असतील. सुलट टाका आणि उलट टाका आपण वेगवेगळे शिकतो, पण टाका एकच आहे. सुलट टाका मागून पाहिला की तोच उलट. हे माझ्या लक्षात यायला दोनेक वर्षं लागली. पण ज्या दिवशी लक्षात आलं, त्या दिवसापासून नमुन्याचा कागद बाजूला ठेवून, सुईवरच्या विणीकडे बघत मी विणू लागले. तो आनंद मला अजून आठवतो.

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना छेद देतात. आपल्या चौकोनात मात्र एकच धागा आहे. त्याचा एक फास, त्यातून ओढून काढलेला दुसरा फास, त्यातून तिसरा. चौकोन आडवा ताणा. फास रुंदावतात आणि त्यांची उंची कमी होते. सोडलात की ते पुन्हा आपल्या आकारावर येतात. ताणलं जाण्याचा हा गुण येतो तो फासाच्या आकारातून. मधे गाठ कुठेच नाही, आणि म्हणूनच विणलेलं सगळं पुन्हा धागा होऊ शकतं.

माझ्या धाकट्या भावासाठी मी पहिला स्वेटर विणला, तेव्हा नमुन्यात १० सेंटीमीटरला २० टाके दिले होते. छाती १०० सेंटीमीटर, म्हणून मी २०० टाके घातले. माझा हात घट्ट. माझ्या हातून १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसत होते. हिशेब करा, घेर भरला जेमतेम ९१ सेंटीमीटर. भावाने तो अंगात चढवला आणि काही न बोलता तसाच उभा राहिला. त्याला हात वर करता येत नव्हते. आधी एक वीतभर चौकोन विणून टाके मोजले असते तर दीड महिना वाचला असता. आता मी तो चौकोन विणल्याशिवाय एकही काम सुरू करत नाही, आणि तुम्हीही करू नका.

तो स्वेटर मी उसवला. आधी सुरुवातीच्या टोकाकडून ओढू लागले, तर धागा प्रत्येक ओळीत अडकायचा. साधी वीण सरसर उसवते ती जिथे टाके बंद केले त्या टोकाकडून. (बाजारचा स्वेटर उसवणार असाल तर आधी आतली शिवण बघा. तो अनेकदा मोठ्या विणलेल्या कापडातून कापून शिवलेला असतो. त्यातून सलग धागा निघत नाही, हाती तुकडेच येतात.)

उसवलेली लोकर कुरळी निघते, आणि ती तशीच विणली तर टाके वेडेवाकडे बसतात. खुर्चीच्या पाठीभोवती ती गुंडाळून तिची लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि वजन न लावता वाळत घाला. लोकर म्हणजे केसच. दोन्ही केराटिनचे. त्यातले काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. ओले केस जसे वळवाल तसे वाळतात, त्यातलाच हा प्रकार. दुसऱ्या दिवशी ती लड सरळ झालेली बघताना मला फार बरं वाटलं. दीड महिन्याची चूक धुऊन निघाली होती आणि लोकर वाया गेली नव्हती.

प्रत्येक चुकीला सगळं उसवावं लागतं असंही नाही. खाली कुठे टाका गळला तर तिथे आडव्या धाग्यांचा जिना तयार होतो. क्रोशाची सुई घ्या. सुलट बाजूने ती गळलेल्या फासात घाला, मागची सर्वांत खालची पायरी पकडा आणि फासातून पुढे ओढा. नवा फास तयार झाला. आता त्यातून वरची पायरी. अशा वीस ओळी चढत सुईपर्यंत आलात की गळलेली जागा मलाही दाखवता येणार नाही. माझ्या मते विणकामातलं सगळ्यांत सुंदर काम हेच, नवा नमुना शिकण्यापेक्षाही.

एका गोष्टीपुढे मात्र इलाज नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि रगडणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं, घट्ट होतं. त्याचा नमदा, म्हणजे तंतू गुंतून झालेलं जाड कापड, झाला की धागा परत मिळत नाही. धुताना जपा.

क्रोशाचं एक उदाहरण सांगते. लॅटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ डायना टायमिन्या यांनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात हायपरबोलिक प्रतल, म्हणजे जागोजागी खोगिरासारखं वाकलेलं भूमितीतलं पृष्ठ, क्रोशाने विणलं. आधीच्या कागदी प्रतिकृती हाताळताना फाटत. त्यांनी ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवला, ओळीमागून ओळ, एवढंच. कड इतकी वाढते की कापड सपाट राहूच शकत नाही, त्याला झालरीसारख्या लाटा येतात. जे विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर आणणं अवघड जात होतं, ते त्यांना हातात धरून दुमडता यायला लागलं.

आता चौकोन घ्या. लोंबणारं टोक वरच्या कडेला आहे, ती टाके बंद केलेली कड. त्या टोकाजवळचा शेवटचा फास बोटाने सैल करा, टोक त्यातून मागे काढा आणि हळू ओढा. बोटांना टाका सुटताना एक एक बारीक झटका लागेल. पहिली ओळ पूर्ण निघेपर्यंत थांबू नका. सुया आणि क्रोशा समोरच्या टेबलावर आहेत. उघडे राहिलेले फास सुईवर घेऊन इकडे या. ओळ परत कशी चढवायची ते एकेकाला दाखवते.